न्यायनिर्णय म्हणजे देववाणी नव्हे!



वर्तमानपत्रात एखाद्या निकालाची बातमी येते आणि दुसऱ्या दिवशी कचेरीतील हवा बदललेली असते. जातीवरून टोमणा मारताना काल ज्या साहेबाने इकडेतिकडे पाहून घेतले होते, तो आज वर्तमानपत्र टेबलावर आपटून म्हणतो, "आता तुमचा कायदा गेला!" आमचा कारकून, आमची परिचारिका, आमचा शिपाई, आमचा शिक्षक ते ऐकून घेतो आणि संध्याकाळी घरी येऊन कुटुंबास सांगतो की, कोर्टच त्यांचे आहे, तक्रार करून उपयोग नाही. बातमी लिहिणाराने बहुधा निकाल वाचलेला नसतो, साहेबाने वाचलेला नसतो आणि आमच्या माणसानेही वाचलेला नसतो. न वाचलेल्या कागदाच्या बळावर एकाने धमकवावे आणि दुसऱ्याने भ्यावे, हा प्रकार आता थांबला पाहिजे. तो साहेब थांबविणार नाही. तो तुम्ही थांबवावयाचा आहे.

तुम्ही धम्मदीक्षा घेतली तेव्हा कोणत्या गोष्टीचा त्याग केलात, याचे स्मरण करा. केवळ मूर्ती विसर्जित करून आपण बौद्ध झालो नाही. अमुक एका ग्रंथात लिहिले आहे म्हणून ते खरे, अमुक एका वर्णाच्या मुखातून आले म्हणून ते मान्य, या वृत्तीचा आपण त्याग केला. तथागतांनी कालामांना हाच उपदेश केला की, परंपरा, ग्रंथ किंवा गुरूचा अधिकार एवढ्यावरून काही स्वीकारू नका. स्वतः पारखून घ्या. मग जो समाज वेदांचे प्रामाण्य नाकारून बाहेर पडला, त्याने न्यायालयाच्या निकालास नवा वेद का मानावे? न्यायनिर्णय आकाशातून पडत नाही. तो माणसांनी, माणसांपुढे आलेल्या पुराव्यावरून, कारणे देऊन लिहिलेला असतो. कारणे दिलेली असतात याचाच अर्थ ती तपासता येतात. त्याचे पालन केलेच पाहिजे. परंतु पालन करणे निराळे आणि त्यापुढे बुद्धी गहाण टाकणे निराळे.

निकाल वाचावा कसा?

कोणताही निकाल हातात घ्या, त्याचे चार भाग दिसतील. पहिला भाग हकीकतीचा: कोण, कोठे, केव्हा, काय घडले. दुसरा भाग प्रश्नाचा: न्यायालयाने नेमके काय ठरवावयाचे होते. तिसरा भाग कारणांचा: न्यायालयाने असे का ठरविले. चौथा भाग आदेशाचा: कोणाचा अर्ज मंजूर, कोणाचा नामंजूर. वर्तमानपत्र बहुधा चौथाच भाग छापते. पुढील खटल्यांस बांधतो तो मात्र तिसरा भाग, आणि तोही पहिल्या भागातील हकीकतीशी जोडून. ओघात केलेली विधाने, समाजस्थितीवरील उद्गार आणि उपदेश हे निकालात असतात, पण ते बंधनकारक कारण नव्हे. म्हणून तुमच्यापुढे कोणी निकाल फडकाविला की चार प्रश्न विचारा. त्या खटल्यातील हकीकत आमच्यासारखी होती काय? निकाल किती न्यायमूर्तींचा आहे? त्यानंतर अधिक न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला आहे काय? आणि त्यानंतर संसदेने कायदाच बदलला आहे काय? या चार प्रश्नांपुढे निम्म्याहून अधिक धमक्या टिकत नाहीत. पुढील उदाहरणांवरून हे पारखून पाहा.

महाडचा निकाल

प्रथम आपल्याच इतिहासातील निकाल घ्या. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी डिसेंबर महिन्यात स्पृश्य हिंदूंनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि बाबासाहेब व त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध तात्पुरती मनाई मिळविली. तो वाद न्यायालयांतून सुमारे दहा वर्षे चालला. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वाद्यांचे अपील फेटाळले आणि आपला विजय झाला.

या विजयाचा आपण अभिमान बाळगतो, आणि तो योग्यच आहे. परंतु न्यायालयाने काय म्हटले, हे आपणांपैकी कितीजणांस ठाऊक आहे? अस्पृश्यता हा अन्याय आहे, म्हणून तळे सर्वांस खुले, असे उच्च न्यायालयाने म्हटले नाही. अस्पृश्यांस तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादिकाळापासून चालत आली आहे, हे वाद्यांना शाबीत करता आले नाही, एवढ्यावर दावा फसला. मग ती रूढी शाबीत झाली असती तर काय झाले असते? हा प्रश्न निकाल वाचणारालाच सुचतो. केवळ मिरवणूक काढणाराला सुचत नाही. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर होते. न्यायालयात मिळालेला विजय किती रुंद आणि किती अरुंद, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. पुढे स्वतंत्र भारताच्या संविधानात अनुच्छेद १७ आला आणि अस्पृश्यताच नष्ट करण्यात आली. अनुच्छेद १३ ने मूलभूत हक्कांशी विसंगत असलेल्या रूढीसही कायद्याचे बळ ठेवले नाही. रूढी किती जुनी, हा प्रश्नच उरला नाही. निकाल अपुरा असेल तर तो जेथे अपुरा पडतो तेथून पुढचे काम सुरू करावयाचे, हा धडा महाडने आपणांस दिलेला आहे.

"तुम्ही बौद्ध झालात, मग जात कसली?"

नवदीक्षित कुटुंबांस सर्वांत अधिक घाबरविणारे वाक्य हेच. नोकरीच्या अर्जाच्या वेळी, बढतीच्या वेळी, जातपडताळणीच्या वेळी आणि जातीवरून झालेल्या अपमानाची तक्रार द्यावयास गेल्यावरही ते ऐकू येते. यामागे एक खरा निकाल आहे, आणि म्हणूनच हे अर्धसत्य इतकी वर्षे टिकले आहे.

१९६२ साली महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीत श्री. मेश्राम हे अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या जागेवरून निवडून आले. त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आहे, सबब ते राखीव जागेस पात्र नाहीत, असा वाद उपस्थित झाला. पंजाबराव विरुद्ध मेश्राम या खटल्यात १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, धर्म मानणे म्हणजे तो उघडपणे जाहीर करणे. ज्याने आपण हिंदू राहिलो नाही असे जाहीर केले, त्याला अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाचा लाभ घेता येणार नाही. कारण त्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूंखेरीज अन्य धर्मीयांस वगळले होते, आणि १९५६ साली त्यात केवळ शिखांची भर पडली होती.

आता यातील कारण पाहा. बौद्धांवर अस्पृश्यतेचा आघात होत नाही, असे न्यायालयाने म्हटले नव्हते. त्याने आदेशातील शब्दांचा अर्थ लावला होता. शब्द बदलले की निकालाचा पाया बदलतो. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर राज्यापुरत्या सवलती नवबौद्धांना मिळाल्या. केंद्राचे दार मात्र बंदच राहिले. पुढे संसदेने १९९० साली त्याच तिसऱ्या परिच्छेदात दुरुस्ती केली आणि त्यात बौद्धांचा समावेश झाला. तेव्हापासून अनुसूचित जातीतून बौद्ध धम्मात आलेली व्यक्ती केंद्राच्या दृष्टीनेही अनुसूचित जातीचीच आहे. राखीव जागांचा हक्क तिला आहे, आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्याचे संरक्षणही तिला आहे. आज जो अधिकारी १९६४ चा निकाल तुमच्यापुढे ठेवतो, तो कायद्याचे प्रेत तुमच्या दारात आणून ठेवतो. त्यास १९९० ची दुरुस्ती दाखवा.

येथे आपल्याच घरातील एका गैरसमजाचाही समाचार घेतला पाहिजे. "आम्ही बौद्ध, आम्ही कागदावर पूर्वीची जात लिहिणार नाही," असे अनेक तरुण अभिमानाने म्हणतात. भावना शुद्ध आहे, पण कायद्याचे गणित निराळे आहे. १९५० चा आदेश जातींच्या यादीवर चालतो. त्या यादीत "बौद्ध" ही जात नाही आणि असूही नये. मूळ जातीचा पुरावा हरवला तर पडताळणी समितीपुढे हक्कही हरवतो. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० या दिनांकाकडे पाहिले जाते. तेव्हा आजा-पणजाचा शाळेचा दाखला, जन्ममृत्यूच्या नोंदी, जमिनीचे उतारे हे कुटुंबाचे धन समजून जपा. जात लिहिणे म्हणजे जात मानणे नव्हे. इस्पितळात जखम कोठे झाली ते लिहावे लागते; त्यामुळे कोणी जखमेचा भक्त ठरत नाही.

कराडची फिर्याद आणि देशभरचा गदारोळ

आता कचेरीतून निघून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला खटला घ्या. महाराष्ट्रातील तंत्रशिक्षण खात्याच्या एका मागासवर्गीय कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात त्याच्या वरिष्ठांनी त्याची सचोटी व चारित्र्य यांविषयी प्रतिकूल शेरा लिहिला. त्याने २००६ साली कराड येथे अत्याचार प्रतिबंध कायद्याखाली फिर्याद दिली. त्या वरिष्ठांवर खटला चालविण्यास खात्याच्या संचालकांनी परवानगी नाकारली. पुढे त्या संचालकांवरही फिर्याद झाली, आणि ती रद्द करावी म्हणून ते सर्वोच्च न्यायालयात गेले. २० मार्च २०१८ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने ती फिर्याद रद्द केली.

एवढ्यावर थांबले असते तर तो एका माणसाचा खटला ठरला असता. परंतु पीठाने त्यापुढे जाऊन साऱ्या देशास निर्देश दिले: सरकारी नोकरास नियुक्ती अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून अटक नाही, इतरांस वरिष्ठ पोलीस अधीक्षकाच्या परवानगीवाचून अटक नाही, आणि फिर्याद नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशी करता येईल. कायद्याचा दुरुपयोग होतो, हे त्यामागील कारण. चोरीची फिर्याद खोटी असू शकते म्हणून चोराच्या अटकेस मालकाची परवानगी लागते काय? मग ज्या कायद्याने देशातील सर्वांत दुर्बळ माणसाच्या हातात एकच काठी दिली, तीच काठी तपासून देण्याचा आग्रह कशासाठी?

२ एप्रिल २०१८ रोजी देशभर बंद झाला. त्यात अनेकांचे प्राण गेले. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात संसदेने कायद्यात कलम १८-अ घातले आणि प्राथमिक चौकशी व अटकेची परवानगी या दोन्ही अटी उडविल्या. १ ऑक्टोबर २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने पुनर्विलोकनात ते निर्देश मागे घेतले. कायद्याने केले नसलेले भेद न्यायालयाने करणे अनुचित, अशी त्यामागील भूमिका होती. १० फेब्रुवारी २०२० रोजी कलम १८-अ वैध ठरले. मात्र तक्रारीवरून प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर अटकपूर्व जामिनाची वाट मोकळी ठेवण्यात आली.

आज किती साहेब २०१८ चा निकाल तोंडपाठ म्हणतात आणि २०१९ चा विसरतात! आणि आपले किती पुढारी २०१८ वर घोषणा देतात, पण २०१९ व २०२० चे निकाल वस्तीत वाचून दाखवीत नाहीत! शत्रू अर्धा निकाल सांगतो तो आपल्या स्वार्थासाठी. आपला माणूस अर्धा निकाल सांगतो तो आळसापोटी. फळ दोन्हींचे एकच: आपला कर्मचारी निराधार होतो.

चार भिंतींच्या आत

एका निकालावर मात्र आम्ही स्पष्ट टीका करणार आहोत, आणि तसे करण्याचा नागरिकास हक्क आहे. निकाल लागलेल्या खटल्यावर न्याय्य टीका करणे हा अवमान नव्हे, असे न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ चे कलम ५ स्वतःच सांगते.

अत्याचार प्रतिबंध कायद्याच्या कलम ३(१)(आर) व ३(१)(एस) खाली जातीवरून अपमान वा शिवीगाळ हा गुन्हा होण्यास तो लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी घडला पाहिजे, अशी अट आहे. २००८ साली एका मोटारचालकास घराच्या फाटकाशी जातिवाचक शब्दांनी अपमानित केल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उदार अर्थ लावला. जागा खाजगी असली तरी ती रस्त्यावरून दिसत असेल, किंवा इमारतीच्या आत असूनही तेथे नातलग व मित्र यांखेरीज अन्य लोक हजर असतील, तर ती लोकांच्या दृष्टीतील जागाच होय. पुढे ५ नोव्हेंबर २०२० रोजी घराच्या चार भिंतींच्या आतील, बाहेरचे कोणी हजर नसतानाचा अपमान या कलमाबाहेर ठरला. आणि ३१ जानेवारी २०२५ रोजी हेच तत्त्व कचेरीला लागू झाले. तामिळनाडूतील एक महसूल निरीक्षक आपल्या कचेरीत बसलेला असताना जमिनीच्या कागदासाठी आलेल्या मनुष्याने त्यास जातीवरून शिव्या दिल्या, अशी फिर्याद होती. सहकारी आले ते घटनेनंतर. जागा चार भिंतींच्या आतील, सबब लोकांच्या दृष्टीतील नव्हे, असे ठरवून खटला रद्द करण्यात आला.

हा निकाल न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या पीठाचा. ते पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले बौद्ध. हे आम्ही मुद्दाम सांगतो. न्यायाधीश आपला म्हणून निकाल बरा आणि परका म्हणून वाईट, ही जातीचीच दृष्टी होय. कारण पाहा, मग मत द्या.

आमचे मत असे. कायद्याच्या शब्दांनी न्यायालयाचे हात बांधले होते, हे आम्ही मान्य करतो. परंतु ते शब्दच आता अपुरे पडले आहेत. शिकलेला जातिवादी चव्हाट्यावर शिवी देत नाही. तो दालनात बोलावतो, दार लोटून घेतो आणि मग बोलतो. बडोद्याच्या नोकरीत असताना कचेरीतील शिपाई कागद दुरून टाकीत, असे बाबासाहेबांच्या चरित्रात नमूद आहे; तेव्हा ते उघड होते. आज ते दाराआड गेले आहे. ज्या ठिकाणी जातीचा अपमान सर्वांत अधिक होतो, त्याच ठिकाणी कायदा डोळे मिटतो, ही स्थिती टिकू देता कामा नये. स्त्रियांच्या बाबतीत या देशाने निराळा मार्ग स्वीकारला. १९९७ च्या विशाखा खटल्यातील निकालानंतर २०१३ साली कायदा झाला, आणि दहा वा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमणे सक्तीचे झाले. तेथे छळ चार भिंतींच्या आत झाला म्हणून तो छळ नव्हे, असे कोणी म्हणत नाही. मग जातीच्या छळासाठी तशी समिती का नाही? खाजगी नोकरीतील जातिभेदाविरुद्ध स्वतंत्र, सर्वंकष कायदा आजही का नाही? ही मागणी प्रत्येक उमेदवारापुढे ठेवली पाहिजे.

तोवर आपण हात जोडून बसावयाचे काय? मुळीच नाही. २०२५ चा निकाल दोन कलमांपुरता आहे. त्याच कायद्यातील ३(१)(झेडए) हे कलम नोकरी वा व्यवसाय करण्यात अडथळा आणण्यास गुन्हा ठरविते आणि ३(१)(झेडसी) सामाजिक व आर्थिक बहिष्कारास गुन्हा ठरविते. तेथे लोकांच्या दृष्टीची अट नाही. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ७(१)(ड) मध्ये अस्पृश्यतेच्या कारणावरून अनुसूचित जातीच्या व्यक्तीचा अपमान हा गुन्हा आहे. तेथेही ती अट नाही. शिवाय त्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे, कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले असेल तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरून झाले असे न्यायालय गृहीत धरते. उलट शाबीत करणे आरोपीकडे येते. शिक्षा अल्प आहे: एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. माणसाच्या अब्रूची ही किंमत लज्जास्पद आहे. पण हत्यार लहान म्हणून ते गंजू द्यावे, असे कोणता शहाणा म्हणेल? फिर्याद लिहिताना म्हणूनच हकीकत संपूर्ण लिहा: दार उघडे होते की बंद, दालनात कोण होते, बाहेर कोणास ऐकू गेले, त्यानंतर काम, बैठक वा पाणी यांबाबत तुम्हांस कसे वागविले. निकाल वाचलेला माणूस फिर्याद निराळी लिहितो.

आपल्या बाजूचे निकाल

आपल्याला उपयोगी पडणारे निकालही आपण वाचत नाही, हे अधिक दुःखाचे आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरविली. झाडलोट व मैलासफाई खालच्या मानलेल्या जातींकडे आणि स्वयंपाक वरच्या जातींकडे, असे नियम कित्येक तुरुंगांच्या संहितांत स्वातंत्र्यानंतर पंचाहत्तर वर्षे नांदत होते! त्या निकालातील हकीकत तुरुंगाची आहे, पण कारण समतेचे, अनुच्छेद १५ चे आणि अनुच्छेद १७ चे आहे. तुमच्या सरकारी इस्पितळात, नगरपरिषदेत, शाळेत झाडू कोणाच्या हाती दिला जातो आणि पाण्याची घागर कोणाच्या, याची यादी करा. नेमणूक शिपायाची आणि काम संडास धुण्याचे, असे असेल तर निवेदनात या निकालाचा आधार घ्या.

गोपनीय अहवालाचेही तसेच. कचेरीतील जातिभेद शिवीपेक्षा शेऱ्यातून अधिक चालतो; "साधारण" एवढा एक शब्द माणसाची बढती गिळतो. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, अहवालातील प्रत्येक नोंद, मग ती वाईट असो, साधारण असो वा चांगली असो, संबंधित सरकारी कर्मचाऱ्यास कळविलीच पाहिजे, म्हणजे त्यास तिच्याविरुद्ध दाद मागता येईल. २०१३ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हेच तत्त्व पक्के केले. दरवर्षी आपला अहवाल लेखी मागा. न मागणाऱ्याचा हक्क कोणी घरपोच आणून देत नाही.

आणि मुदत विसरू नका. केंद्राचे वा राज्याचे प्रशासकीय न्यायाधिकरण अंतिम आदेशापासून एक वर्षाच्या आत दाद मागावयास सांगते. निवेदनावर सहा महिन्यांत उत्तर आले नाही, तर त्यापुढे एक वर्ष मोजावयाचे. अर्जावर अर्ज करीत राहिल्याने मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे. किती जणांचे खरे खटले केवळ "साहेब बघतो म्हणाले" या तीन शब्दांपायी मुदतीबाहेर गेले असतील! गोड बोलून वर्ष काढणारा वरिष्ठ हा शिवी देणाऱ्यापेक्षा अधिक घातक असतो.

खर्चाचे भय बाळगू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीस, तसेच कोणत्याही स्त्रीस, उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाकडे अर्ज करा. सर्वोच्च न्यायालयाच्या अनेक निकालांचे मराठी अनुवाद आता त्या न्यायालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. इंग्रजीची सबब पुरेशी राहिलेली नाही.

विहारात निकाल वाचा

कोणी म्हणेल, न्यायाधीश वरिष्ठवर्गीय, वकील वरिष्ठवर्गीय, मग निकाल वाचून काय होणार? त्यास आमचे उत्तर असे: १९२७ सालच्या महाडमध्ये न्यायाधीश कोणत्या वर्गाचे होते? कायदाही आपला नव्हता. तरीही बाबासाहेबांनी न्यायालयाची मनाई आली तेव्हा तळ्यावर चाल केली नाही आणि न्यायालय सोडूनही दिले नाही. एका हाताने त्यांनी दावा लढविला आणि दुसऱ्या हाताने समाज जागा केला. दुसरा कोणी म्हणेल, न्यायालयाने एकदा ठरविले की नागरिकाने गप्प बसावे. त्यास १९६४ नंतरचे १९९० आणि २०१८ नंतरचे २०१९ दाखवा. नागरिक गप्प बसले असते तर ही दोन्ही साले उगवलीच नसती.

भारतात २०११ च्या जनगणनेत सुमारे ८४ लाख बौद्ध मोजले गेले; त्यांपैकी ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रात. एवढ्या समाजात प्रत्येक वस्तीत विहार आहे, प्रत्येक विहारात वंदना होते. त्या वंदनेनंतर पंधरा दिवसांतून एकदा एक निकाल वाचा. वस्तीतील शिक्षकाने वा महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीने तो वाचून दाखवावा, कामावरून आलेल्या माणसांनी प्रश्न विचारावेत. हकीकत काय, प्रश्न काय, कारण काय, आदेश काय, एवढेच फळ्यावर लिहा. सहा महिन्यांत त्या वस्तीतील एकही माणूस वर्तमानपत्राच्या मथळ्यास भिणार नाही, आणि त्या वस्तीतील फिर्याद कोणत्याही फौजदारास सहज परत करता येणार नाही.

आपल्या पूर्वजांस अक्षर वाचण्याची बंदी होती, म्हणून इतरांनी वाचलेले त्यांना खरे मानावे लागले. आपणांवर ती बंदी नाही. तरीही आपण दुसऱ्याने वाचलेल्या निकालावर जगत असू, तर ती गुलामी आता कोणी लादलेली नाही. ती आपण पत्करलेली आहे. ती टाकून द्या. येत्या पौर्णिमेस विहारात पहिला निकाल वाचा, आणि तो महाडचाच असू द्या.

जयभीम!